पेपरवाल्याला कोण हटकतं?

सोसायटीच्या गेटवर नवा माणूस आला की वॉचमन रजिस्टर पुढे सरकवतो. नाव? कुणाकडे? रोजच्या पेपरवाल्याला मात्र कुणी हटकत नाही. लिनक्सच्या दुनियेतही सेम टू सेम हेच चालतं, मंडळी. आणि त्यापायी 2024 मध्ये जो राडा होता होता राहिला, तो ऐकाच.

डेबियन ही 1993 पासूनची लिनक्स. उबुंटू हिच्याच जिवावर उभी आहे. डेबियनमध्ये नवं पॅकेज घालायचं तर आधी 'न्यू' नावाच्या रांगेत उभं राहावं लागतं. तिथे मोजकी स्वयंसेवक मंडळी ते उघडून बघतात. कुठली फाइल कुणाची, लायसन्स काय, सोबतच्या नोंदीत ते खरं लिहिलंय का... आपण 'आय ॲग्री'वर डोळे मिटून क्लिक करतो ना, तेच हे लोक बसून वाचतात. पगार? शून्य!

आणि चिकाटी बघा. जेसॉनच्या एका जुन्या लायसन्समध्ये अट आहे, की हे चांगल्या कामासाठी वापरा, वाईट कामासाठी नको. किती गोड! डेबियनने साफ नाही म्हटलं. सॉफ्टवेअर कशासाठी वापरायचं यावर बंधन नको, हा त्यांचा 1997 पासूनचा नियम. किस पाडल्यासारखं वाटतं खरं, पण चांगलं-वाईट ठरवणार कोण, याचं उत्तर कुठलाही वकील देणार नाही.

आता तो राडा. 'एक्सझेड' हे फाइली दाबून लहान करणारं पॅकेज डेबियनमध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं. म्हणजे आपला पेपरवाला. ते सांभाळणारा माणूस थकला होता. मदतीला 'जिया तान' या नावाने कुणीतरी आलं, दोन वर्षांहून जास्त काळ इमानेइतबारे राबलं आणि फेब्रुवारी 2024 च्या 5.6.0 आवृत्तीत गुपचूप चोरदरवाजा बसवून मोकळं झालं. मुख्य कोड चाचणीच्या फाइलींत लपवलेला. तो बाहेर काढणारा तुकडा फक्त रिलीजच्या गठ्ठ्यात. सगळ्यांना दिसणाऱ्या गिटमध्ये तो नव्हताच!

'न्यू' रांग आडवी आली नाही, कारण ती नव्यांसाठी. ओळखीच्या पॅकेजचा अपडेट मेंटेनरच्या डिजिटल सहीवर आत जातो.

मग पकडलं कुणी? अँड्रेस फ्रॉइंड या मायक्रोसॉफ्टच्या (हो, मायक्रोसॉफ्टच्याच!) इंजिनीअरने. सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्याला खटकलं. खणत गेला आणि 29 मार्च 2024 ला त्याने भांडं फोडलं. तोवर माल डेबियनच्या चाचणी आवृत्त्यांत पोचला होता. स्टेबलमध्ये नाही, नशीब.

प्रत्येक अपडेटही रांगेत उभा करा, हे बोलायला सोपंय. 2023 च्या डेबियन 12 मध्येच 64 हजारांवर पॅकेजेस होती. तितके वॉचमन आणायचे कुठून? त्यात सुरक्षेचा अपडेट महिनाभर अडकला तर चोरांचीच दिवाळी. म्हणून तपासणाऱ्यांवर डाफरण्यात काही अर्थ नाही. माझा राग आहे तो या फुकटच्या मालावर दुकान थाटलेल्या कंपन्यांवर. शुक्रवारी 'फन ॲक्टिव्हिटी'साठी ऑफिसभर फुगे लावता ना? त्यातला एखादा शुक्रवार एखाद्या दमलेल्या मेंटेनरचा कोड वाचायला द्या की राव!