बुधाला सोडा, मुलीचं ऐका

सातवीतली मुलगी माझ्या टेबलासमोर मान खाली घालून उभी होती आणि तिच्या वाटचं तिचे वडील बोलत होते. "बाई, हिचं नाव वक्तृत्वातून काढा. पत्रिका दाखवली आम्ही. बुध मीनेत आहे, नीचेचा. हिला वाणीच नाही म्हणाले." त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेली पत्रिका काढली आणि 'बु' लिहिलेल्या घरावर बोट टेकवलं. मुलीच्या करंगळीत हिरव्या खड्याची अंगठी होती. बोटाला सैल होत होती म्हणून मागून दोरा गुंडाळलेला. पाचू, सोन्यात मढवलेला, साडेनऊ हजारांचा. उसाच्या बिलातून घेतलेला.

शिवाय दर बुधवारी हिरव्या मुगाचं दान, आणि रोज 108 वेळा बुधाचा जप. जप कुणी करायचा? मुलीने. ही मुलगी अडखळते ती नेमकी 'ब' आणि 'प' या अक्षरांवर. ओठ मिटतात आणि उघडत नाहीत, मानेची शीर ताठ होते. त्या लेकराला रोज सकाळी देवासमोर बसवून 'ब'ने सुरू होणारं नाव 108 वेळा म्हणायला लावलं होतं. उपाय सांगणाऱ्याने तिला एकदाही बोलताना ऐकलं नव्हतं. पत्रिका घेऊन वडील एकटेच गेले होते.

कराडच्या पलीकडच्या एका गावात मी 26 वर्षं मराठी शिकवते आहे. मुलांच्या तोंडून भाषा फुटताना पाहणं हेच माझं काम. म्हणून स्पष्ट लिहिते: बुध कोणत्या राशीत आहे यावरून कोण बोलका, कोण मुका, कोण लेखक आणि कोण ठोकळा हे सांगणं हे अज्ञान आहे. त्याचे पैसे घेणं ही फसवणूक आहे. आणि ते लहान मुलाच्या कपाळी चिकटवणं हा गुन्हा आहे, कायद्याच्या पुस्तकात तो असो वा नसो.

यांचा हिशोब यांच्याच पाटीवर मांडू. पृथ्वीवरून पाहिलं तर बुध सूर्यापासून 28 अंशांपेक्षा लांब कधी जात नाही. एक रास 30 अंशांची. म्हणजे कुणाच्याही पत्रिकेत बुध एक तर सूर्याच्या राशीत असतो, नाही तर शेजारच्या दोहोंपैकी एकीत. मीनेतल्या 'नीच' बुधाची माणसं म्हणूनच साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच जन्मू शकतात. आता कोणत्याही शाळेचं जनरल रजिस्टर उघडा. अडखळणारी, अबोल, वर्गात हात वर न करणारी मुलं या तीन महिन्यांत गोळा झालेली दिसतात का? माझ्या 26 वर्षांच्या हजेरीपटांत दिसली नाहीत. बुध एका राशीत साधारण तीन आठवडे असतो, वक्री झाला तर अधिक. देशात रोज 60,000 हून अधिक मुलं जन्मतात. म्हणजे एकाच राशीतला बुध घेऊन दरवेळी बारा लाखांवर मुलं जन्माला येतात. त्या सगळ्यांची वाणी एका साच्यातली?

यावर उत्तर तयार असतं: नुसती रास पाहायची नसते, लग्न, भाव, दृष्टी, नवमांश सगळं पाहावं लागतं. मग त्या वडिलांना एका 'बु'वर बोट ठेवून निकाल कशाला दिलात? आणि नीच बुधाचा माणूस उत्तम वक्ता निघाला तर 'नीचभंग राजयोग' हाताशी आहेच. उच्चीचा बुध असून पोर घुमं निघालं तर शनीची दृष्टी आहे. जी विद्या कधी चुकूच शकत नाही, तिला बरोबर म्हणण्यातही अर्थ उरत नाही. माझा विद्यार्थी असं उत्तर लिहील तर मी शून्य गुण देईन.

आणि ती रास तरी कुणाची? राशीचक्र कुठून मोजायला सुरुवात करायची यावरच पंचांगांचं एकमत नाही. त्या मुलीचा बुध चित्रापक्षाच्या गणिताने मीनेच्या 28 अंशांवर होता. दाते पंचांग याच पक्षाचं. महाराष्ट्रातल्या काही घरांत आजही टिळक पंचांग मानतात. ते रेवतीपक्षाचं, आणि दोहोंत सुमारे 4 अंशांचा फरक. त्या गणिताने हाच बुध मेषेत 2 अंशांवर जातो. पाश्चात्त्यांच्या सायन पद्धतीत आणखी पुढे, मेषेत 22 अंशांच्या आसपास. एकच मुलगी, जन्माची तीच घटका, आकाशात तोच बुध. एका पंचांगात तो नीचेचा, दुसऱ्यात नीचत्व गायब. आकाशातला गोळा तसूभरही हलला नाही, फक्त मोजपट्टीचं टोक सरकलं. या सरकणाऱ्या टोकावर त्यांनी एका मुलीचा आत्मविश्वास टांगला.

बुधाचा आणि वाणीचा संबंध आला कुठून तेही पाहा. वेदांग ज्योतिषात नक्षत्रं आहेत, बारा राशी नाहीत. राशींची ही चौकट बाबिलोन आणि ग्रीसकडून आपल्याकडे आली. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहज्जातकात बुधाला 'हेम्न' असंही नाव आहे. हा ग्रीकांचा हर्मिस, देवांचा निरोप्या. सूर्याला सर्वांत जवळ असल्याने हा ग्रह भरभर फिरतो, 88 दिवसांत प्रदक्षिणा पुरी करतो. भरभर धावतो म्हणून तो निरोप्याचा ग्रह, निरोप्या म्हणून बोलणारा, आणि बोलणारा म्हणून वाणीचा कारक. मग त्याला राशींची चित्रं जोडायची. मेष म्हणजे मेंढा, म्हणून बोलणं धडक देणारं. मीन म्हणजे पाण्यातले मासे, म्हणून विचार धूसर, पण कल्पनाशक्ती दांडगी. वृश्चिक म्हणजे विंचू, म्हणून शब्दांना नांगी. कवीने अशा उपमा कराव्यात, मी त्याला दाद देईन. पण उपमेवरून रोगनिदान करायचं नसतं.

लोक म्हणतात, "पण बाई, वर्णन तंतोतंत जुळतं हो!" जुळणारच. 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना 'तुझ्या स्वभावाचं विश्लेषण' म्हणून एकेक कागद दिला. किती जुळतं ते पाचपैकी गुण देऊन सांगा म्हटलं. सरासरी 4.26 आली. कागद सगळ्यांना एकच दिला होता, आणि त्यातली वाक्यं बहुतेक भविष्याच्या एका पुस्तकातून उचललेली होती. "तुम्ही मनात खूप बोलता, पण सगळ्यांसमोर मोकळे होत नाही" असं मी उद्या एसटीत शेजारी बसणाऱ्या कुणालाही सांगितलं, तरी तो मान डोलावेल.

आपल्याकडेही परीक्षा झाली आहे. 2008 साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या सहकार्याने 100 हुशार आणि 100 मतिमंद मुलांच्या जन्मवेळा जमवून पत्रिका केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या 40 दिल्या. यातली हुशार मुलं कोणती, एवढंच सांगायचं होतं. बुध बुद्धीचा कारक म्हणतात ना, मग हा तर घरचाच पेपर. 27 जणांनी उत्तरं दिली. सर्वांत जास्त गुण 24, आणि सरासरी निम्म्याच्याही खाली. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका पाहिल्या, 102 बरोबर आल्या. नाणं उडवून याहून वाईट झालं नसतं.

"असू द्या हो, माणसाला आधार मिळतो, कुणाचं काय जातं?" हे वाक्य मला सर्वांत जास्त चीड आणतं. काय जातं ते मी सांगते. पत्रिका पाहिल्यापासून त्या घरात मुलीला कुणी काही विचारायचं थांबलं होतं. पाहुण्यांसमोर वडील बोलायचे, दुकानात आई बोलायची. साडेनऊ हजार रुपये खड्यात गेले आणि स्पीच थेरपिस्टकडे जायचं कुणाला सुचलं नाही. अडखळण्याच्या मूळ कारणांशी आई-वडिलांच्या चुकीचा काही संबंध नसतो, ग्रहाचा तर नसतोच. बहुतेक मुलांत ते दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतं आणि बऱ्याच जणांचं आपसूक जातंही. राहिलं तर मदत लागते, आणि जितकी लवकर मिळेल तितकी बरी. मुंबईत वांद्र्याला वाचा आणि श्रवणदोषासाठी अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. गावातल्या माणसाला ज्योतिषाचं घर माहीत असतं, अशा संस्थेचं नावही माहीत नसतं. हे आपलं अपयश आहे, आणि त्यात मी शिक्षिका म्हणून आले.

त्या दिवशी मी वडिलांना एकच प्रश्न विचारला. "दादा, तुम्ही हिला शाळेच्या प्रार्थनेत ऐकलंय?" नव्हतं ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी त्यांना परिपाठाला बोलावलं. रांगेत उभी राहून सगळ्यांबरोबर ती प्रतिज्ञा म्हणत होती, प्रार्थना गात होती. 'ब' आला, 'प' आला, एकदाही अडली नाही. अडखळणारी माणसं सर्वांच्या सुरात सूर मिसळून बोलतात, गातात, तेव्हा बहुधा अडत नाहीत. ज्यांचं हे काम आहे त्यांना ते ठाऊक असतं. वडील व्हरांड्याच्या खांबाला टेकून ऐकत होते. मी म्हटलं, "सांगा, त्या दहा मिनिटांत बुध मीनेतून उठून त्याच्या उच्च राशीला, कन्येला गेला का?" ते काही बोलले नाहीत. नंतर मुलीच्या डोक्यावर हात ठेवून गेले.

तिचं नाव मी काढलं नाही. जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातून तिला उपचार मिळाले. वर्गात आम्ही तीन गोष्टी पाळल्या: तिचं वाक्य दुसऱ्याने पुरं करायचं नाही, 'सावकाश बोल' म्हणायचं नाही, आणि ती थांबली की सगळ्यांनी तिच्याकडे बघत थांबायचं. स्पर्धेत ती चार मिनिटांचं भाषण सहा मिनिटं बोलली. पाच वेळा अडली. नंबर आला नाही. विषय होता 'माझ्या गावची नदी', आणि पुराच्या पाण्यात वाहत आलेल्या पाळण्याबद्दल तिने जे सांगितलं ते ऐकताना सभागृहात कुणी खोकलं नाही. तो पाळणा कुठल्याच पत्रिकेत नव्हता. तो तिने पाहिला होता, इतके दिवस मनात धरून ठेवला होता, आणि तो सांगू देणारी माणसं तिला त्या दिवशी मिळाली.

तिची अंगठी आता घरच्या कपाटात आहे. वडिलांनी ती मोडावी आणि त्या पैशांची पुस्तकं घ्यावीत, असं मी त्यांना सांगितलं आहे. आणि कुणाच्या वाणीचा निकाल देणाऱ्या ज्योतिषांना एवढंच सांगणं आहे: पत्रिका मिटा, माझ्या वर्गात या आणि तिच्यासमोर बसून तिचं बोलणं संपेपर्यंत थांबा.