जीवशास्त्र घेतले तरी गणित सुटत नाही



दहावीनंतर आपली बरीच मुले 'गणिताची कटकट नको' म्हणून जीवशास्त्राकडे वळतात. पण प्रयोगशाळेत पाय ठेवला की गणित पुन्हा समोर उभे राहते. घाबरू नका. लागते ते शाळेत शिकलेलेच : शेकडेवारी, त्रैराशिक आणि दशांश अपूर्णांक.

आपला जालना बियाण्यांसाठी प्रसिद्ध. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली येथे महिको कंपनी सुरू केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे म्हटले की उगवणशक्तीची तपासणी आलीच. त्यासाठी शंभर-शंभर बियांचे चार संच उगवायला ठेवतात. समजा सोयाबीनच्या चार संचांत ६४, ५८, ६१ आणि ५७ बिया उगवल्या. बेरीज २४०, भागिले ४, म्हणजे ६० टक्के. सोयाबीनला किमान ७० टक्के उगवण हवी, म्हणून हे बियाणे नापास. घरचेच बियाणे असेल आणि तेच पेरायचे असेल तर? ७० टक्क्यांना हेक्टरी ७५ किलो लागते, मग ६० टक्क्यांना ७५ × ७० ÷ ६०, म्हणजे साडेसत्याऐंशी किलो. हा हिशेब चुकला तर पीक विरळ होते आणि शेतकऱ्याचा हंगाम जातो.

आता रक्ततपासणी पाहा. पांढऱ्या पेशी मोजताना रक्त वीसपट पातळ करतात. न्यूबार चेंबरमधील चार मोठे चौकोन मोजतात. प्रत्येक चौकोन १ मिलिमीटर लांब, १ रुंद आणि ०.१ खोल. चारही मिळून घनफळ ०.४ घन मिलिमीटर. पेशी १४० मोजल्या तर १४० ÷ ०.४ = ३५०; त्याला २० ने गुणले की ७,०००. म्हणजे रक्त ठीक आहे. पण वीसने गुणायचे राहिले तर त्याच माणसाच्या अहवालात ३५० लागतील आणि सारे घर हवालदिल होईल!

म्हणून तीन सवयी लावा. आकड्यापुढे एकक लिहा. उत्तराचा अंदाज आधी बांधा. शेवटी उलटा हिशेब करून पडताळा पाहा.

पालकांनो, तुमची आठवडी बाजारातली तोंडी आकडेमोड मुलांना दाखवा. किलोच्या भावावरून पावशेराचे पैसे काढणारी आई त्रैराशिकच करीत असते. तिच्या मुलीला ते जड का जावे?