आजींचा हात सोडा

घरातलं म्हातारं माणूस एकदा पडलं की दुसऱ्या दिवसापासून त्याचं उठणं बंद होतं. पाणी हातात, ताट पलंगावर, बाथरूमला जाताना दोन्ही दंडांना धरून. ‘आई, तू फक्त बसून राहा.’ मी फिजिओथेरपिस्ट आहे, साताऱ्यात घरोघरी जाऊन व्यायाम घेते. या काळजीची मला फार धास्ती वाटते, कारण पुढचं पडणं तिच्यातूनच येतं.

डोळे, आतला कान आणि पावलं-सांधे यांच्याकडून मेंदूला सतत खबर जाते, त्यावर आपला तोल ठरतो. मोतीबिंदूने नजर मंदावते, मधुमेहाने तळपाय बधिर होतात. उरलेल्या खबरींवर भागवायला मेंदू शिकतो, पण उभं राहून, चालून, थोडं डगमगून. बसवून ठेवलेल्या माणसाला ही संधीच मिळत नाही, आणि मांड्या-पोटऱ्यांतलं बळही झपाट्याने ओसरतं.

घरच्यांना माझ्याकडून शेक हवा असतो, मशीन हवं असतं. मी आजींना ओट्यापाशी उभं करते, मागे खुर्ची ठेवते. आधी ओटा धरून टाचा उचलायच्या. मग एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून उभं राहायचं. दोन्ही हातांनी, मग एका हाताने, मग नुसत्या बोटाने ओटा धरायचा, शेवटी तोही सोडायचा. ‘हात सोडू नकोस गं,’ आजी म्हणतात. मी अगदी जवळ उभी असते, पण धरत नाही. आधाराशिवायच्या त्या क्षणांत घोटे स्वतःहून सावरायला लागतात. व्यायामाचा सगळा गुण तिथे आहे. टाचेला अंगठा लावून, आधाराशिवाय दहा सेकंद थांबता येत नसेल, तर पडण्याचा धोका जास्त समजतात.

वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१९ च्या आढाव्यात २५ देशांतल्या १०८ चाचण्या तपासल्या होत्या. आपापल्या घरी राहणाऱ्या साठीपुढच्या माणसांचं पडणं व्यायामाने २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकदीचा व्यायाम करावा, असं जागतिक आरोग्य संघटना २०२० पासून सांगते आहे. (उठताना चक्कर येत असेल, झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा.)

आपल्याकडे मात्र खुब्याचं हाड मोडल्यावरच फिजिओथेरपी आठवते. तोवर ऑपरेशनला लाखभर रुपये गेलेले असतात, आणि कितीतरी जणांचं एकट्याने देवळापर्यंत जाणं कायमचं सुटलेलं असतं. गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, अनेकांकडे सभागृहही आहे. भक्कम खुर्च्या आणि कोरडी फरशी एवढ्यावर तिथे तोलाचा वर्ग उभा राहू शकतो. शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचं मानधन नगरपालिकेने द्यावं, आणि वर्ग आठवड्यातून तीनदा भरावा.