पुडीतले विरजण

लोणी कढवले की आमच्या घरची मोरी तुंबते. थंडीत तर हमखास. कढई गरम पाण्याने धुतली की तूप सुटते खरे, पण पुढे नळीत जाऊन पुन्हा थिजते. गेल्या थंडीत एका दुकानदाराने जिवाणूंची पुडी दिली. रात्री ओतायची, सकाळी मोरी मोकळी! सकाळी पाहतो तो मोरी होती तशीच. मग आठवले, त्याच संध्याकाळी मीच मोरीत फिनाईल ओतले होते.

पुडी खोटी नव्हती. ती म्हणजे विरजण, हे मी विसरलो होतो. गार दुधात विरजण लागत नाही, उकळत्या दुधात ते मरते. या जिवाणूंचेही तसेच. तुपाचा गोळा त्यांना गिळता येत नाही. ते लायपेज नावाचे पाचकद्रव्य बाहेर सोडतात, त्याने चरबी फुटते, मग ते ती खातात. एक किलो चरबी अशी पूर्ण जिरवायला जवळजवळ तीन किलो प्राणवायू लागतो. टाकीत हवा सोडली नाही, तर हे काम अडते आणि दुर्गंधी सुटते. तीच चरबी नदीत गेली, तर माशांच्या वाट्याचा प्राणवायू खाते.

एका मोरीचे काय एवढे? पण आमच्या बारामती-इंदापूरकडे उसाच्या जोडीला दूध आहे. श्रायबर डायनामिक्स, सोनई अशा मोठ्या डेअऱ्या आहेतच, शिवाय गावोगावची संकलन केंद्रे, खवा-पनीरवाले. कॅन धुतले की तूप पाण्यात आलेच. त्यात धुण्याचा कॉस्टिक सोडा, म्हणजे जिवाणूंना फिनाईलच! म्हणून ते पाणी आधी टाकीत साठवून त्याचा जोर मोडावा लागतो, वरची साय काढावी लागते, मगच जिवाणूंचे काम. नदीत सोडायच्या पाण्यात तेल-तूप लिटरला 10 मिलिग्रॅमच्या आत हवे, असा नियम आहे. पुडी विकणारा मात्र टाकीचे नाव काढत नाही, याचा मला राग येतो. छोट्यांना एकेकट्याने टाकी परवडत नसेल, तर गावच्या दूध संस्थांनी मिळून बांधावी.

बारामतीची कऱ्हा नीरेला मिळते, नीरा नरसिंहपूरला भीमेला, आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते. तुकोबांची पालखी बारामती, इंदापूर करत तिथेच स्नानाला जाते.

आता आम्ही कढई आधी जुन्या वर्तमानपत्राने पुसून घेतो. (रविवारची पुरवणी सोडून!) दुसरी पुडी अजून फळीवरच आहे.