वृद्धसेवेत यंत्राची जागा
वार्धक्याकडे झुकलेल्या समाजांत कल्याणसेवेचा भार यापुढे कृत्रिम बुद्धिमत्ता, म्हणजे साठलेल्या माहितीवरून अनुमान काढणारी संगणकप्रणाली, उचलील आणि सेवकांची गरज त्या मानाने घटेल, असा पक्ष आग्रहाने मांडला जातो. जपानमध्ये 65 वर्षांवरील लोकांचे प्रमाण 29 टक्क्यांच्या आसपास असून 2040 पर्यंत सुमारे 5 लाख 70 हजार जादा सेवक लागतील, असा तेथील सरकारचा अंदाज असल्याने या पक्षाला त्याच देशाचा दाखला सोयीचा वाटतो. तो दाखला मात्र पक्षावरच उलटतो. माणसाला उचलणारे यंत्र, पारो हा सीलच्या पिलासारखा यंत्रप्राणी आणि पेपर हा बोलका यंत्रमानव यांचा एका वृद्धनिवासातील वापर जेम्स राइट या अभ्यासकाने जवळून पाहिला, तेव्हा ती यंत्रे हलवण्याचे, पुसण्याचे आणि सांभाळण्याचे काम सेवकांवरच वाढल्याचे त्याला आढळले.

यंत्राला आपपरभाव नसतो, म्हणून मदतीची पात्रता त्यानेच ठरवावी, हा दुसरा युक्तिवाद अधिक घातक आहे. जपानमध्ये 2000 साली दीर्घकालीन परिचर्या विमा, म्हणजे चाळिशीपासून हप्ता घेऊन वृद्धांना घरी वा संस्थेत सेवा देणारी योजना, सुरू झाली. तीत अर्जदाराच्या शारीरिक-मानसिक स्थितीच्या नोंदींवरून त्याला किती मिनिटांची सेवा लागेल, याचा हिशेब प्रथम संगणक करतो. स्मृतिभ्रंश झालेल्या, पण चालत्या-फिरत्या वृद्धांची गरज हा हिशेब कमी दाखवतो, अशी टीका झाली आणि 2003 मध्ये तो सुधारावा लागला. अशा वृद्धाला चालता येते म्हणूनच त्याच्यामागे कोणीतरी सतत राहावे लागते, हे घरोघरी ठाऊक असलेले सत्य त्या मापात पुरेसे उतरले नव्हते. तरीही तेथे अनर्थ टळतो, कारण अंतिम निर्णय वैद्यक आणि कल्याणक्षेत्रातील जाणकारांचे मंडळ डॉक्टरांचा अभिप्राय वाचून घेते. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात 2016 मध्ये घरपोच सेवेचे तास संगणकीय सूत्राने ठरू लागले आणि परिचारिकांचा स्वविवेक काढून घेतला गेला. अनेक वृद्ध व अपंगांचे तास कापले गेले आणि दाद न्यायालयात मागावी लागली.

याचा अर्थ यंत्र त्याज्य आहे, असा नव्हे. नोंदी लिहिणे, कागदपत्रे जुळवणे, रात्री बिछान्यातून उठणाऱ्याची सूचना देणे ही त्याची रास्त कामे आहेत; परिचर्येच्या अर्जाचा निकाल कायद्याने 30 दिवसांत लागायचा असताना जपानमध्ये सरासरी त्याहून अधिक दिवस जातात, तेथे त्याची मदत अवश्य घ्यावी. परंतु निर्णयाचे कारण अर्जदाराला समजेल अशा भाषेत मिळावे, दाद माणसापुढे मागता यावी आणि वाचलेला वेळ वृद्धाच्याच वाट्याला यावा. 2024 मध्ये जपानने अशी साधने वापरणाऱ्या काही निवासी संस्थांसाठी तिघा रहिवाशांमागे 1 सेवक हे प्रमाण 0.9 पर्यंत सैल केले. वाचलेला वेळ अशा रीतीने कपातीत जमा करणारे धोरण अन्याय्य आहे.