खाडा आणि गर्भपिशवी

बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी परततात. त्यांच्यातील बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये चव्हाट्यावर आले. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे शंभरात जवळपास सतरा. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये देशाचे प्रमाण ३.२ टक्के होते.

या प्रकारात डॉक्टरांवर बोट ठेवले गेले, ते योग्यच. पण बाई दवाखान्याची पायरी चढते त्याच्या कितीतरी आधी तिचा निर्णय झालेला असतो. तो खाड्याने केलेला असतो.

नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मजूर पुरवणारा मुकादम या कोयत्याला हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो आणि ती ऊस तोडून फेडायची असते. जोडीतील एक जण जरी बसला, तरी त्या दिवसाचा खाडा, म्हणजे गैरहजेरीचा दंड, धरला जातो. तो पाचशे रुपयांपर्यंत असतो आणि उचलीत चढतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला ३६६ रुपये ठरला. म्हणजे पाळीत पोट धरून झोपडीत पडून राहिलेल्या बाईचा एक दिवस जोडीच्या टनभर तोडणीहून महाग पडू शकतो. शिवाय त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

म्हणून ती पडून राहत नाही. पहाटे तीनला उठून भाकरी थापायच्या, फडात जायचे, पाचट काढायचे, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायच्या. फडात संडास नाही, पुरेसे पाणी नाही. पाळीचे कापड धुवायला आडोसा नाही आणि वाळवायला जागा नाही. अंगावरून जाऊ लागते, ओटीपोट दुखते. औषधाने बरा होणारा जंतुसंसर्ग असतो, पण कॅन्सरची भीती घातली जाते आणि पिशवी काढली जाते. पैसे पुन्हा उचलीतूनच येतात. त्याबरोबर बीजकोशही काढले असतील, तर ऐन तिशीत रजोनिवृत्ती येते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. मोळी मात्र तेवढ्याच वजनाची राहते.

आजारपणाबद्दल दंड करणे हा माणसाच्या हक्कांचा उघड भंग आहे. दंडाच्या धाकाने आणि स्वेच्छेविना करून घेतलेले काम ही सक्तीची मजुरी होय, असे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा १९३० चा करार सांगतो. भारताने तो १९५४ मध्ये स्वीकारला. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीला मनाई केली, १९७६ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाही झाला. फडात यातले काहीच पोहोचलेले नाही.

हा प्रकार उघड झाल्यावर बीडमध्ये गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी बंधनकारक झाली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये अनावश्यक शस्त्रक्रिया रोखणारी मार्गदर्शक तत्त्वे लागू करण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले. हे उपाय शस्त्रक्रियागृहाच्या दारात बाईला अडवतात. तिला तिथवर नेणारा खाडा तसाच राहतो. तो बेकायदा ठरवून बंद करणे, पाळीत आणि आजारपणात भरपगारी सुट्टी देणे, फडावर पाणी व संडास पुरवणे आणि याची जबाबदारी मुकादमावर न ढकलता थेट कारखान्यावर टाकणे, एवढे झाले तरच पिशवी वाचेल.