उपगूहन पुष्कळ झालं, आता स्थितिकरण करा



गेल्या चातुर्मासात माझी भाची चार रात्री झोपली नाही. एकटीच बोलायची, मध्येच हमसून रडायची. डॉक्टर म्हणाले, "भरती करायची गरज नाही. गोळ्या द्या, आठ दिवस शांत जागी ठेवा, एकटी सोडू नका." शांत जागा आणायची कुठून? तिच्या सासरी दोन खोल्यांत सहा माणसं. शेवटी मी तिला आमच्याकडे आणलं आणि तिच्याजवळ झोपले. नवव्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "मावशी, मंदिराला जाऊया."

जिला अशी मावशी नाही, तिनं कुठं जायचं? जखमी जनावरांसाठी आपण पांजरपोळ बांधले, यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या. मन थकलेल्या माणसाला आठ दिवस टेकायला खोली नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम १८ मध्ये रुग्णालयाखेरीज आधाराच्या निवासाचीही सोय सांगितली आहे. पण आपल्या गावात ती दाखवा बघू!

कुणी म्हणतं, "कर्माचा उदय." अहो, तापही असाता वेदनीयाच्याच उदयानं येतो, तेव्हा डॉक्टरकडे धावतोच ना? कुणी म्हणतं, "झाकून ठेवा, स्थळं अडतील," आणि त्यालाच उपगूहन म्हणतं. उपगूहन दोष झाकण्यासाठी असतं. आजार हा दोष कधीपासून झाला? सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहनाच्या लगेच पुढचं अंग आहे स्थितिकरण, म्हणजे डगमगणाऱ्याला सावरणं. तेच आपण विसरलो.

मी बी.कॉम. झालेली बाई, हिशेब मांडते. समाजाच्या मंगल कार्यालयातल्या खोल्या मुहूर्त नसले की कुलूपबंद असतात. त्यातल्या दोन द्या. डबा आपल्या घरून, सूर्यास्तापूर्वी. सोबतीला पाळीपाळीनं दोघी. येणं-जाणं तिच्या मर्जीनं, बाहेरून कडी नाही. औषध डॉक्टरांचंच, आणि जिवाला धोका वाटला तर थेट रुग्णालय. रात्री-अपरात्री काही सुचेना तर टेलिमानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहेच.

पंचकल्याणकाच्या बोलीत लाखाचे आकडे आपण हसत चढवतो. त्यापुढे दोन गाद्या आणि एक पंखा म्हणजे किती? ट्रस्टच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. हात वर करायला तुम्ही या.